दुधातला दात

खो मिळाला आणि मैथिली पावशे सुटली ती थेट खांबावर.
आवाज मोठा नव्हता.
पाटीवर खडू मोडतो, तेवढाच.

मग रक्त. मग ओठांवर दाबलेली ओंजळ,
आणि सगळ्या मुली एकदम : बाई, दात!

दोन अठ्ठेचाळीस.
मी घड्याळ बघितलं, कारण धारवाडच्या एका प्रशिक्षणात
जेवणानंतरच्या झोपाळू तासाला कुणीतरी फळ्यावर लिहिलं होतं :
पडलेला दात, अर्धा तास.
पेंगेतून तेवढी एकच ओळ शिल्लक राहिली होती.

मच्छेच्या तांबड्या मातीत आम्ही रांगत होतो,
पंचवीस मुली आणि मी,
तांदूळ निवडावेत तशा.
सापडला. एवढा लांब असतो दात?
हिरडीत लपवलेलं त्याचं अर्धं आयुष्य
पिवळसर, ओलं, उघडं पडलेलं.

शिपाई म्हणाला, कौलावर टाकूया बाई, नवा येतोय.
अरे, आठवीतली पोरगी ती,
तिचे नव्याचे फेरे संपले.

मुळाला बोट लावायचं नाही. पुसायचं नाही. घासायचं तर नाहीच.
फाटकासमोरच्या बसव्वानं चहाचं दूध ओतून दिलं, न तापवलेलं,
माझ्याच जेवणाच्या डब्यात.
काय झालं ते तिनं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही,
तिचं मराठी आणि माझं कन्नड दोन्ही बाजारापुरतं.

मक्तुमची रिक्षा. पिरनवाडी. उद्यमबाग.
माझ्या मांडीवर एका बाजूला मैथिलीचं डोकं,
दुसऱ्या बाजूला डबा,
आणि खड्डा आला की मी आधी डबा सावरत होते,
हे तिनं पाहिलं. अजून बोलून दाखवते.

दुसऱ्या रेल्वे गेटाला मालगाडी.
एकेचाळीस डबे मोजले.
मक्तुमनं बंद फाटकाकडे बघून दिलेली शिवी
तिन्ही भाषांत बसेल अशी होती.

दवाखान्याचं शटर अर्धं खाली.
पोरगा म्हणाला, डॉक्टर मलग्यार री, ऐदक्क बर्री.
झोपल्यात, पाचला या.
मला कन्नडमध्ये भांडता येत नाही.
मी झाकण उघडलं आणि डबा त्याच्या नाकाखाली धरला.
दुधात बुडालेला दात बघून
तो चपलेविना जिना चढला.

डॉक्टर हिरेमठ केस बांधत बांधतच उतरल्या.
"एष्ट होत्तात?"
किती वेळ झाला, एवढं कळतं मला.
"अडतीस मिनिटं," मी मराठीत म्हणाले,
आणि त्यांनी मराठीतच विचारलं,
"घासला नाहीत ना?"
नाही.
"मग अर्धं काम तुम्ही करूनच आणलंय."

इंजेक्शन. सलाईनची धार.
दात परत आपल्या घरात शिरताना
मैथिलीनं माझं मनगट असं आवळलं
की घड्याळाच्या पट्ट्याची नक्षी दोन दिवस राहिली.
शेजारच्या दातांना बारीक तार.
धनुर्वाताचं इंजेक्शन लिहून दिलं, मऊ भात सांगितला.
"मूळ धरेल, न धरेल. लिहून देणार नाही मी.
पण वेळेत आलात."

फौंड्रीतून तिचे वडील आले, हाताला काळी वाळू.
लेकीला शिवायचं तर हात कुठं पुसावेत
म्हणून नुसतेच उभे राहिले.
"काय करून घेतलीस गं," एवढंच,
आणि फीचं विचारायला शर्टाच्या खिशाकडे गेलेला हात
तिथंच थबकला.
"आधी तिला घरी न्या," डॉक्टर म्हणाल्या, "बाकी सोमवारी."

दुसऱ्या दिवशी बसव्वानं दुधाचे पैसे घेतले नाहीत.
"हल्लु उळीतेन?"
वाचला का दात.
उळीत, मी म्हणाले. माझं पहिलं बिनचूक कन्नड.
ती हसली तेव्हा दिसलं,
तिचे पुढचे दोन्ही नाहीत.
कधी, कुठं पडले, कुणी शोधले का,
विचारायला माझ्याकडे शब्द नव्हते.

तार निघून आता महिना झाला.
काल मैदानाच्या कडेला मैथिली पेरू खात होती, पुढच्या दातांनी, करकरून.
मी ओरडले.
तिनं पेरू पाठीमागं लपवला
आणि सगळे दात दाखवले.